लॅपटॉपच्या पोटात दुसरा काँप्युटर कसा राहतो?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरातच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्स हा विषय सुरू झाला आणि तिनं घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरवलं. घरात लॅपटॉप एकच. त्यावर माझे जीएसटीचे हिशेब, आईबाबांचे फोटो. मी नाही म्हटलं. तर म्हणते, "बाबा, विंडोजला धक्का लागणार नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकते." संध्याकाळी बघतो तर विंडोजच्या एका चौकटीत अख्खा दुसरा काँप्युटर सुरू! त्याची हार्डडिस्क वेगळी, पासवर्ड वेगळा. हे होतं कसं? आतल्या लिनक्सला कळतं का, की आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत? आणि माझे हिशेब खरंच सुरक्षित आहेत का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी हिशेबांचं, कारण जीव तिथेच अडकलेला असणार. तुमच्या फायली सुरक्षित आहेत, आणि का ते तुम्ही स्वतः पाहू शकता. मुलीला सांगा, ज्या फोल्डरमध्ये तिचं व्हर्च्युअल मशीन आहे ते उघडून दाखव. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम वापरला असेल तर तिथे व्हीडीआय प्रकारची एक भलीमोठी फाइल दिसेल. आतलं लिनक्स जिला आपली हार्डडिस्क समजतं, ती ही फाइल. विंडोजच्या लेखी तिच्यात आणि लग्नाच्या व्हिडिओत काही फरक नाही.

लिनक्स, समजा त्याची उबंटू ही आवृत्ती, टाकताना मध्येच एक स्क्रीन येते आणि तिथे भल्याभल्यांचा हात थबकतो. 'डिस्क पुसून उबंटू इन्स्टॉल करा' असा पर्याय समोर असतो आणि इन्स्टॉलरनं बहुधा तोच आधीपासून निवडून ठेवलेला असतो. घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर 'डिस्क पुसा' हे शब्द वाचून घाम फुटणं साहजिक आहे. पण त्याच स्क्रीनवर किंवा तिच्या पुढच्या स्क्रीनवर डिस्कचं नाव आणि आकार लिहिलेला असतो, तो वाचायचा. नावात 'व्हीबॉक्स हार्डडिस्क' आणि आकार आपणच ठरवून दिलेला, म्हणजे 25 जीबीच्या आसपास, असं दिसलं तर पुसली जाणार ती फक्त ती फाइल. तुमची खरी डिस्क 512 जीबीची असली तर तो आकडा तिथे दिसणारच नाही. आत बसलेल्या इन्स्टॉलरला ती डिस्क दिसत नाही, मग तो तिला हात कसा लावणार? मात्र हाच पर्याय पेन ड्राइव्हवरून थेट लॅपटॉप सुरू करून निवडला, तर खरी डिस्क खरोखर पुसली जाते. म्हणून पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्यानं ते व्हर्च्युअल मशीनमध्येच टाकावं असं माझं ठाम मत आहे.

दोन बाबतींत मात्र डोळे उघडे ठेवा. मुलीनं विंडोजचं एखादं फोल्डर आतल्या लिनक्सशी 'शेअर' केलं असेल, तर त्या फोल्डरातल्या फायली तिकडूनही बदलता आणि पुसता येतात. हिशेबांचं फोल्डर कधीही शेअर करू देऊ नका. दुसरं म्हणजे ती व्हीडीआय फाइल सुरुवातीला लहान असते आणि वापराबरोबर फुगते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तर विंडोजच अडखळू लागतं. आणि हिशेबांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच. लिनक्स असो वा नसो, डिस्क एक दिवस जाते.

आता मुख्य प्रश्न, हे होतं कसं.

कल्पना जुनी आहे, तुमच्या-माझ्या घरात काँप्युटर येण्याच्या कितीतरी आधीची. 1960च्या दशकात काँप्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं, अतोनात महाग यंत्र. एका यंत्रावर अनेक जणांनी एकाच वेळी काम करावं आणि प्रत्येकाला वाटावं की पूर्ण यंत्र आपल्याच हाती आहे, यासाठी आयबीएमच्या केंब्रिज इथल्या संशोधन केंद्रात सीपी-40 ही प्रणाली तयार झाली. तिच्यातून सीपी-67 आली आणि 1972मध्ये आयबीएमनं व्हीएम/370 बाजारात आणली. एका मोठ्या यंत्राची अनेक खोटी यंत्रं करायची आणि प्रत्येकात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची, हे तेव्हाच साधलं होतं.

आपल्या घरातल्या इंटेल-घराण्याच्या प्रोसेसरांवर मात्र हे बराच काळ नीट जमत नव्हतं, आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं कोडं वाटतं. प्रोसेसरात अधिकारांच्या पायऱ्या असतात, त्यांना रिंग म्हणतात. शून्य क्रमांकाच्या रिंगमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा चालतो, त्याला सगळे अधिकार. तिसऱ्या रिंगमध्ये तुमचं एक्सेल, ब्राउझर वगैरे. तिथून कुणी अधिकाराबाहेरची सूचना दिली, तर प्रोसेसर काम थांबवतो आणि गाभ्याला कळवतो की हा बघा काय मागतोय. आता एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत दुसरी चालवायची, तर आतलीला शून्य रिंगमध्ये बसवता येत नाही. एका घरात दोन कर्ते कसे चालतील? तिला खालच्या पायरीवर बसवायचं, आणि तिनं वरच्या अधिकाराची सूचना दिली की मध्येच अडवून, तिला हवं ते झाल्याचं भासवायचं. हे अडवण्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात.

अडचण अशी की इंटेलच्या प्रोसेसरातल्या काही सूचना अडवल्याच जात नसत. उदाहरण म्हणून 'पॉपएफ' ही सूचना घ्या. शून्य रिंगमधून दिली, तर बाहेरून येणारे इंटरप्ट, म्हणजे कीबोर्ड, डिस्क, घड्याळ यांच्या हाका, ती बंद किंवा चालू करू शकते. तिसऱ्या रिंगमधून दिली तर? प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप सोडून देतो आणि पुढे चालू लागतो. तक्रार नाही, इशारा नाही. आतल्या लिनक्सला वाटतं आपण इंटरप्ट बंद केले, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं, आणि हायपरव्हायजरला तर पत्ताच नसतो. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974मध्येच मांडून ठेवलं होतं की यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना अडवता आली पाहिजे, तरच त्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन सरळ मार्गानं बांधता येतं. पुढे 2000मध्ये पेंटियमची तपासणी झाली तेव्हा ही अट मोडणाऱ्या 17 सूचना सापडल्या.

व्हीएमवेअर या कंपनीनं 1999मध्ये यातून वाट काढली. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड चालण्याआधीच वाचायचा, त्यातल्या धोकादायक सूचना वेचून त्यांच्या जागी सुरक्षित सूचना घालायच्या आणि मगच तो प्रोसेसरकडे सोडायचा, आणि हे सगळं चालत्या कामात. ही करामत थक्क करणारी होती. पुढे 2005च्या अखेरीला इंटेलनं आणि 2006मध्ये एएमडीनं प्रोसेसरातच सोय केली. आतल्या सिस्टिमसाठी वेगळी अवस्था आली. तिथे तिला शून्य रिंग मिळते, तिचा कारभार ती पूर्ण वेगानं करते, आणि ठरवून दिलेल्या गोष्टींना तिनं हात घातला की ताबा आपोआप हायपरव्हायजरकडे येतो. तुमच्या मुलीचं लिनक्स चालतं ते या सोयीवर. त्यातल्या बेरजा-वजाबाक्या तुमचा खरा प्रोसेसरच करतो. खोटी असते ती डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे भोवतालची सामग्री.

लिनक्सला कळतं का? कळतं. मुलीला लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही आज्ञा टाइप करायला सांगा, मध्ये जोडरेघा देऊन. व्हर्च्युअलबॉक्सच्या आत उत्तर येतं एकच शब्द, 'ओरॅकल'. व्हर्च्युअलबॉक्स मूळचं इनोटेक या जर्मन कंपनीचं, 2008मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि 2010मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे. म्हणून तो शब्द. आजचं लिनक्स सुरू होतानाच प्रोसेसरला विचारून घेतं की माझ्या खाली हायपरव्हायजर आहे का, आणि असेल तर घड्याळासारख्या बाबतीत त्याच्याशी जमवून घेतं. ते फसलेलं नाही. पोटभाडेकरू असल्याचं त्याला ठाऊक आहे.


प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या कॉलेजात शिकते. लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाकलं, पण ते इतकं मंद चालतं की प्रॅक्टिकलचा एक प्रोग्रॅम करायला अर्धी दुपार जाते. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतं. शिवाय 'सुडो' लावून काहीही केलं की तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही असं सांगतो. काहून असं होते?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ते कासव तुम्हाला खरी गोष्ट सांगतंय. विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर, हायपर-व्ही, आधीच सुरू असला की वरच्या उत्तरात सांगितलेली प्रोसेसरातली खास सोय त्याच्या ताब्यात असते. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं आणि वेग पडतो. तेव्हा ते चिन्ह येतं. तुम्ही हायपर-व्ही कधी सुरू केला नसेल, तरी विंडोज 11मध्ये तो मागच्या दारानं आलेला असू शकतो : डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमधली लिनक्स चालवण्याची सोय, वापरत असाल तर, किंवा विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर.

डब्ल्यूएसएल नको असेल तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मेमरी इंटिग्रिटी मात्र बंद करू नका, असं मी सांगेन. ज्या लॅपटॉपवरून घरचे लोक बँकेचे व्यवहार करतात, त्याचं एक कवच थोड्या वेगासाठी काढून ठेवणं मला पटत नाही. कासव राहू द्या आणि वेग दुसरीकडून मिळवा.

तो मिळतो रॅममधून. उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉप आवृत्तीला निदान 4 जीबी रॅम आणि 25 जीबी डिस्क लागते. तुमच्या 8 जीबीतून 4 तिकडे दिले, की उरलेल्या चारांत विंडोज 11 आणि क्रोम कसेबसे श्वास घेतात, विंडोज डिस्कवर पानं टाकायला लागतं आणि दोन्ही सिस्टिम्स रखडतात. झुबंटू, लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. गाभा तोच, फक्त डेस्कटॉप हलका. तिला 3 जीबी आणि दोन प्रोसेसर कोअर द्या. प्रॅक्टिकलमधले फोर्क, सेमाफोर, शेल स्क्रिप्ट यांना दिखाऊ डेस्कटॉप लागतच नाही. लॅपटॉपात जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, त्यानं जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही सेटिंगनं पडणार नाही.

आता सुडो. तुमचा वापरकर्ता 'व्हीबॉक्सयूजर' नावाचा आहे ना? मग व्हर्च्युअलबॉक्सनं तुम्हाला न विचारता लिनक्स टाकलंय. सातव्या मालिकेपासून इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल निवडली की ते स्वतःच सगळी उत्तरं देऊन इन्स्टॉलेशन उरकतं, आणि त्या घाईत वापरकर्त्याला सुडो गटात घालत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून शिरून तुमचं नाव त्या गटात घालता येईल. पण मी सांगेन, ते मशीनच काढून टाका आणि नव्यानं करा. मशीन तयार करताना पहिल्याच पानावर अनअटेंडेड इन्स्टॉलेशनचा पर्याय असतो. आवृत्तीप्रमाणे कुठे तो वगळण्याची खूण करायची असते, कुठे आधीची खूण काढायची असते. तेवढं वाचून मगच पुढे जा. मग भाषा, कीबोर्ड, डिस्कचे भाग, टाइम झोन, हे सगळं तुम्हाला विचारलं जाईल. ज्या विषयाची तुम्ही परीक्षा देणार आहात, त्यातल्या पार्टिशन, फाइल सिस्टिम, बूटलोडर या गोष्टी याच अर्ध्या तासात समोर येतात. तो अर्धा तास यंत्राला देऊन टाकू नका.

इन्स्टॉलेशन संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलरच उघडला तर घाबरू नका, आयएसओ अजून खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये आहे, डिव्हायसेसच्या यादीतून ती काढा. माउस किंवा कीबोर्ड चौकटीत अडकला तर उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा. चौकट मोठी केली तरी लिनक्सची स्क्रीन छोटीच राहत असेल तर गेस्ट ॲडिशन्स टाका. आणि मशीन सुरूच होत नसेल, व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही म्हणत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे काय लिहिलंय ते पाहा. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागेल. इंटेलच्या लॅपटॉपवर ते सेटिंग व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावानं असतं, एएमडीवर बहुधा एसव्हीएम. 6.1 आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स या सोयीशिवाय चालतच नाही. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. काही लॅपटॉप बायोस बदलल्यावर ती मागतात, आणि ती नसेल तर घरच्या फायली कुलूपबंद होतात.

सगळं नीट सुरू झालं, अपडेट झालं, की मशीन बंद करा आणि स्नॅपशॉट घ्या. त्या क्षणाची डिस्क जशीच्या तशी जपली जाते. मग मनसोक्त मोडतोड करा. 'आरएम' ही आज्ञा रूटच्या अधिकारानं अख्ख्या फाइल सिस्टिमवर चालवली तर काय होतं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला कुतूहल असतं आणि खऱ्या यंत्रावर ते कुणीच करू देत नाही. इथे करून बघा. नुसत्या तिरक्या रेघेवर चालवली तर ती नकार देईल, आग्रह धरावा लागेल. मग फायली भराभर जाताना दिसतील, आणि गंमत म्हणजे सिस्टिम लगेच मरणार नाही. जे आधीच मेमरीत आहे ते चालत राहील, पण साधी 'एलएस' ही आज्ञा सापडेनाशी होईल. प्रोग्रॅम म्हणजे काय, चालू प्रोसेस म्हणजे काय आणि त्यांच्यातला फरक कुठे, हे त्या क्षणी जसं दिसतं तसं कुठल्याही नोट्समध्ये दिसत नाही. मग स्नॅपशॉट परत आणा.

लाइट जाण्याची भीती असेल किंवा बॅटरी संपत आली असेल, तर चौकट बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. उघडा टर्मिनल, अर्धा लिहिलेला प्रोग्रॅम, सगळं जिथल्या तिथे मिळेल. आणि मे महिन्यातल्या दुपारी, पारा 45च्या वर असताना, दोन सिस्टिम्स चालवणारा लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो, कारण प्रोसेसरला तापण्यापासून वाचायचं असतं. गादीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते. कूलरच्या अगदी तोंडाशीही नको, त्या झोतात पाण्याचे तुषार असतात. जड कामं सकाळी उरका.


प्रश्न : काटोल तालुक्यातल्या आमच्या शाळेत विंडोज 10चे जुने काँप्युटर आहेत. त्यांना आता अपडेट मिळत नाहीत आणि विंडोज 11 त्यांच्यावर चढत नाही. लिनक्स टाकावं असं मनात आहे, पण शिक्षकांना सवय नाही, मुलांना मराठी लागतं आणि इंटरनेट मोबाइलचं. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये करून बघता येईल का?
— एक शिक्षक, जि. नागपूर

उत्तर : सर, हीच योग्य वाट आहे. विंडोज 10चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ते काँप्युटर भंगारात काढायची गरज नाही.

शाळेतल्या सर्वांत चांगल्या एका काँप्युटरवर किंवा तुमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करा. त्यात लिनक्स मिंट घ्या, किंवा सी-डॅकनं डेबियनवर उभारलेलं 'बॉस' लिनक्स घ्या, जे भारतीय भाषांसाठीच आखलेलं आहे. इन्स्टॉलेशन सुरू होताना भाषा विचारतात, तिथे मराठी निवडता येतं. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचे असे दोन्ही मराठी कीबोर्ड मिळतात. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी यासाठी आपल्या पुण्यातल्या रेड हॅट कंपनीच्या लोकांनी वर्षानुवर्षं 'लोहित' फॉण्टवर काम केलंय. मेनूंच्या मराठी अनुवादात काही ठिकाणी इंग्रजी डोकावेल, त्याला इलाज नाही.

डेटाचं असं करा. उबंटूची आयएसओ फाइल आता सहा जीबीच्या घरात आहे, मिंटची त्याहून बरीच लहान. दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे मध्येच तुटतं. नागपूरला कुणाकडे ब्रॉडबँड असेल तिथून एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर आणा, एकाच फाइलवरून शाळेतले सगळे काँप्युटर होतील. आणल्यावर तिचा एसएचए-256 आकडा काढून अधिकृत साइटवरच्या आकड्याशी पडताळा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या भलत्याच टप्प्यावर दगा देते आणि दोष काँप्युटरला लागतो.

शिक्षकांच्या सवयीसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प तुम्हाला फार उपयोगी पडेल. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठी निवेदनासह, फुकट. लिनक्सचे आहेत, लिबरऑफिसचेही आहेत, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाकण्याची स्वतंत्र मालिकाही आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक गोष्ट तपासता येत नाही, ती लक्षात ठेवा. तिथलं हार्डवेअर खोटं असतं, त्यामुळे तुमचा खरा प्रिंटर, वायफाय कार्ड, प्रोजेक्टर चालेल की नाही हे ते मशीन सांगत नाही. त्यासाठी शेवटच्या टप्प्यावर तीच आयएसओ रुफससारख्या प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्हवर लिहा, काँप्युटर त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय'चा पर्याय घ्या. डिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेत निकालपत्रकाचं एक पान छापून पाहा, प्रोजेक्टर लावून पाहा. दोन्ही चाललं तर शाळेच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि मग पहिला एकच काँप्युटर बदला. निकालाच्या दिवसांत नको, दिवाळीच्या सुट्टीत करा.